कोऱ्या टिकलीतला खड्डा

शालन, तुझी कॉलेजची पिशवी परवा उघडली. सून म्हणाली, आप्पा, साड्या वाटून टाकल्या, ही पिशवी तेवढी तुम्हीच बघा. आत डबा, चष्म्याचं घर, छत्रीची मोडकी मूठ, आणि तळाला प्लॅस्टिकमधे गुंडाळलेली नऊ पांढरी फडकी. माझ्या जुन्या धोतराची. काठ दुमडून हातानं शिवलेली. ती बघितली आणि माझं डोकं पहिल्यासारखं तापलं. तू जाऊन तीन आठवडे झाले न्हाईत आणि मी तुझ्यावर तापतोय. सवयच ती, तू गेलीस म्हणून लगेच कशी जाईल.

त्या फडक्यांना मी हात लावलेला तुला चालायचं न्हाय. वेगळ्या पातेल्यात उकळायचीस. अंगणात सगळ्यांच्या कपड्यांसंगं वाळत घालायची न्हाईस, माळ्यावर दोरी बांधून तिथं वाळवायचीस. एकदा मी त्यातलं एक घेऊन तोंड पुसलं, तर हातातनं ओढून घेतलंस. परत उकळायला टाकलंस. माझं तोंड पुसलेलं फडकं तुला उकळून घ्यावं लागलं, हे मी चौदा वर्षं पोटात घेऊन फिरलो.

हे लिहायला मला विद्यानं लावलं. कॉलेजातली माणसं मिळून तुझ्या आठवणींचं एक लहान पुस्तक काढणार आहेत म्हणं. मी म्हटलं, मी सातवीतनं शाळा सोडलेला माणूस, तिच्या कामातलं मला काय कळतं? विद्या म्हणाली, काका, मावशी तुमच्याबद्दल सांगायच्या, टिकली म्हणजे काय ते तुम्हाला आमच्या निम्म्या स्टाफपेक्षा बरं कळतं. तू माझ्याबद्दल तिथं काय सांगत होतीस ते मला कधी माहीत न्हवतं. मला वाटायचं, तिथं माझं नावच निघत नसेल.

मला कळतं ते एवढंच. मी माझ्या शब्दांत लिहितो, चुकलं तर विद्या खोडेल.

तू कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत अटेंडर. एक पांढरं मीठ असायचं, ब्रोमाईड. त्यात तपासायच्या वस्तूची चिमूट घालायची, चिमूट पण न्हाय, मुंगीनं न्यावी एवढी, आणि अकीक दगडाच्या खलात पिठागत घोटायचं. मग दाबाच्या यंत्रात दाबलं की त्याची काचेसारखी पातळ टिकली व्हायची. चांगली टिकली म्हणजे खाली छापील कागद ठेवला तर अक्षर वाचता यायला पाहिजे. तुझ्यासारखी टिकली कुणाला जमायची न्हाय. आपल्या बेळगावच्या पावसाळ्यात मिठाला पाणी सुटायचं, टिकली दुधाळ व्हायची, म्हणून तू कपाटात बल्ब पेटवून ठेवायचीस, रात्रंदिवस. घरी पण म्हणायचीस, तुमच्या सुताला असा बल्ब लावा की. मी म्हणायचो, शंभर लड्यांना किती बल्ब लावू गं?

त्या टिकलीतनं यंत्र एक प्रकाश सोडतं. दिसत न्हाय असला, उष्ण. मी विचारलं होतं, न दिसणाऱ्या उजेडानं काय दिसणार? तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, अवो, ह्या मिठांत मधे एक बसलेला असतोय, नायट्रोजन म्हणा, गंधक म्हणा, आणि त्याला ऑक्सिजन चिकटलेले असत्यात, कुणाला तीन, कुणाला चार. सगळ्या घरावर मिळून विजेचा उणा भार. पण ते गप बसत न्हाईत. ताणत्यात, वाकत्यात, सारखे हलत्यात. जेच्या हलण्याशी प्रकाशाची चाल जुळली तेवढा प्रकाश तो गिळतो. मग कागदावरच्या रेघेत तिथं खड्डा पडतो. खड्डा कुठं पडला ते बघायचं, की आत कोण बसलाय ते कळतं.

मी म्हटलं, म्हणजे मागासारखं. वडगावच्या गल्लीतनं जाताना खडखडीवरनं कळतं की कुणाचा माग चालू आहे, आत डोकवायची गरज न्हाय. तू हातातली भाकरी तशीच धरून माझ्याकडं बघत राहिलीस. म्हणालीस, व्हय, तसंच. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना हे सांगते. तव्यावरची करपली.

त्या वेळी आपलं बरं चाललं होतं.

परसातल्या शेडमधे मी सूत रंगवायचो. माझा लाल पुऱ्या वडगाव-शहापुरात माहीत होता. साडीच्या काठाला माझाच लाल पाहिजे म्हणून माणसं थांबून राहायची. त्या लालाला दोन पाणी लागायची. पहिल्यात सूत भिजवून पिळून घ्यायचं आणि मग दुसऱ्यात सोडायचं. दुसरं पाणी बर्फाचं, त्यात रंगाचा बेस, ॲसिड आणि नायट्राईट. नायट्राईट म्हणजे पत्र्याच्या डब्यातलं ते पिवळट पांढरं मीठ. पिवळी लडी त्या पाण्यात गेली की बघता बघता लाल व्हायची. इतकी वर्षं केलं, तरी ते व्हायच्या वेळी मी दुसरीकडं बघितलं न्हाय कधी.

पण तो लाल एकसारखा यायला लागला तो तू कॉलेजात लागल्यावर. त्याच्या आधी मी नायट्राईट मुठीनं घालायचो. तू म्हणालीस, मुठीनं घालताय म्हणूनच एक लडी गाजरासारखी आणि एक विटेसारखी. खडेबाजारातनं सोनाराचा जुना तराजू आणलास. रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी नायट्राईट तू तोलायचीस, हात पदराला पुसायचीस, मग लड्या पिळायला माझ्यासमोर उभी राहायचीस. लडीच्या एका टोकाला तुझी काठी, दुसऱ्या टोकाला माझी. मी उजवीकडं पिळायचो, तू डावीकडं. पाणी गळायचं थांबलं की तू म्हणायचीस, "सोडा आता, तुटंल." मी सोडायचो न्हाय. आणखी एक पीळ द्यायचो. तू म्हणायचीस, हट्टी माणूस.

आणि एक दिवस तू म्हणालीस, "उद्यापासनं मी शेडमधे येणार न्हाय. तराजूला पण हात लावणार न्हाय."

मी विचारलं, का?

"कॉलेजात अडचण होतीया."

"वास येतो म्हणत्यात व्हय रंगाचा?"

तू पिळायची काठी भिंतीला टेकवून ठेवलीस.

"सांग की. बाईंच्या शेजारी उभारताना लाज वाटाय लागली आसंल. रंगाऱ्याची बायको म्हणून."

तू माझ्याकडं बघितलंस. आणि म्हणालीस, "तसं समजा."

हे दोन शब्द. तुझ्या तोंडातनं मी हजार गोष्टी ऐकल्या असतील, पण शालन, चौदा वर्षं मला हे दोनच ऐकू येत होते. तुझं कारण एवढं असताना तू हे दोन शब्द का बोललीस? मी तोंड टाकलं म्हणून? मग मला पण दोन शिव्या घालायच्या होत्यास. घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडच्या भिंतीत लोखंडी आकडा ठोकला. लडीचं एक टोक आकड्यात, दुसरं माझ्या हातात. आकडा कधी सोडा म्हणत न्हाय. त्या वर्षात किती लड्या तुटल्या ते मी तुला सांगितलं न्हाय. तराजू मी फळीवर टाकला आणि परत मुठीनं घालायला लागलो. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, अण्णा, पयल्यासारखा लाल न्हाय वो ह्यो. मी पाण्याला दोष दिला. पाणी बदललंय म्हणायचो. तू चुलीजवळनं ऐकायचीस आणि भाकरी थापत राहायचीस.

आणि तू काय करायचीस ते मी बघत होतो. कॉलेजला निघायच्या आधी नळावर हात धुवायचीस. साबणानं, कोपरापर्यंत, तीनदा. मी मोजायचो. देवाला जाताना तू तीनदा हात धुतलेले मी बघितले न्हाईत, पण कॉलेजला जाताना तीनदा. एक साडी कॉलेजातच ठेवली होतीस, तिथं गेल्यावर बदलायला. हे मला शेजारणीकडनं कळलं. आणि ही फडकी. मी सगळं एकाच बाजूनं जोडत गेलो. घरचं तिला घाण वाटतं. माझा हात तिला घाण वाटतो.

नंतर तयार रंगीत सूत बाहेरनं यायला लागलं आणि माझी शेड बंद पडली. तुला त्यात दोष न्हाय, कुणालाच न्हाय. मी शेडला कुलूप घातलं त्या दिवशी तू शिरा केलास. मला वाटलं, सुटली म्हणून केलास. मी खाल्ला न्हाय. आता वाटतं, दुसरं काय करायचं ते तुला सुचलं नसेल.

तुझ्या रिटायरमेंटचा कार्यक्रम आठवतो. माझा पांढरा शर्ट इस्त्री करून तू कपाटाच्या दाराला अडकवला होतास. चल म्हणाली न्हाईस, शर्ट अडकवलास. मी सकाळी उठून शहापुरात गेलो, मागाच्या सामानाच्या दुकानात बसलो. काम काय न्हवतं. दुकानदार दोनदा म्हणाला, अण्णा, घरला पाव्हणं आलंय व्हय, हितंच बसलाय ते? दुपारी घरी आलो तर तू आलतीस. खाटेवर शाल, नारळ, एक फुलांचा गुच्छ. तू शर्ट घडी करून कपाटात ठेवत होतीस. त्याला एक सुरकुती न्हवती.

माझ्या आयुष्यात मी काय काय चुकलो ते लिहायला बसलो तर कागद पुरणार न्हाय. पण एवढी एक चूक मला परत करायला मिळाली तर मी दुरुस्त करीन. तो शर्ट घालीन.

मागच्या महिन्यात तू अंथरुणावर होतीस. दुपारची वेळ, मी तुला पेज पाजत होतो. अर्धी वाटी झाल्यावर तोंड फिरवलंस आणि म्हणालीस, "त्या आकड्याचं सांगायचं ऱ्हायलं बगा."

मी म्हटलं, "पड गप. आता त्यावर काय भांडायचं?"

तू जरा हसलीस. म्हणालीस, "भांडत न्हाय वो." आणि डोळे मिटलेस. मी पेजेची वाटी घेऊन आत गेलो. मला वाटलं, तू मला माफ करायला बसलीस, आणि मला ते नको होतं. तू सांगणार होतीस, आणि मीच तुला गप केलं. आता मला तुझ्याकडनं ऐकायचं होतं ते दुसऱ्याच्या तोंडनं ऐकावं लागलं. ही शिक्षा बरोबर बसली.

बाराव्या दिवशी विद्या आली, निपाणीवरनं, एसटीनं. मी तिला आधी कधी बघितलं न्हवतं. नाव ऐकलं होतं, तू सांगायचीस, एक निपाणीची पोरगी डॉक्टरकीचा अभ्यास करते, औषधाची न्हवे, केमिस्ट्रीची. आता ती तिकडंच कॉलेजात शिकवते. केस थोडे पिकलेत. तुझ्या फोटोपुढं बसली. चहा गार झाला. मला राहवलं न्हाय. मी सरळ विचारलं, "तुमच्या कॉलेजात तिला रंगाऱ्याची बायको म्हणून कोण हसायचं का गं?"

"कोण हसणार, काका? असं का विचारताय?"

मी सगळं सांगितलं. शेड, तराजू, तीनदा हात, फडकी. तसं समजा. परक्या बाईपुढं मी कधी एवढा बोललो न्हाय. तिनं डोक्याला हात लावला. म्हणाली, "म्हणजे मावशींनी तुम्हाला सांगितलंच न्हाय."

मग तिनं सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

विद्याचा अभ्यास विहिरींवर होता. निपाणीकडच्या तंबाखूच्या रानातल्या विहिरींना आत भिंतीवर पांढरी खपली धरते. ती खरवडून आणायची आणि तिच्यात कोणकोणती मिठं आहेत ते यंत्रावर बघायचं. ऑक्सिजनवाली, उण्या भाराची, तू सांगायचीस तीच. नायट्रेट निघेल हे तिला माहीत होतं, खताच्या रानात ते असतंच. त्याला तीन ऑक्सिजन. पण प्रत्येक विहिरीत दोन ऑक्सिजनवाल्याचा खड्डा पण यायला लागला. नायट्राईट. डोळ्याला दोन्ही पांढरं मीठ, पण हलतात वेगळे, खड्डा वेगळ्या जागी पडतो. आकडा तिनं सांगितला, बाराशेच्या पुढं काहीतरी, माझ्या ध्यानात राहिला न्हाय. पाण्यात नायट्राईट असणं वाईट, तान्ह्या पोरांना लई वाईट, असं ती म्हणाली. तिच्या घरच्या विहिरीत पण तेच निघालं. तिनं वहिनीला सांगून टाकलं. वहिनीचं पोर चार महिन्यांचं. वहिनी दुसऱ्या गल्लीतनं घागरी आणायला लागली, गावात कुजबूज व्हायला लागली, आणि विद्यानं ते सगळं अभ्यासात लिहून पण काढलं, एक आख्खं प्रकरण.

मग एकदा कोरी टिकली लावली. कोरी म्हणजे नुसतं ब्रोमाईड, आत काय न्हाय. तिची रेघ सपाट पाहिजे. त्या कोऱ्या टिकलीत पण तोच खड्डा.

मिठाची बाटली बदलली. खड्डा गेला न्हाय. यंत्राचा माणूस बेंगळुरूवरनं आला, खोलून पुसून जोडून गेला. खड्डा तिथंच. तेवढ्यात तू तुझ्या भावाकडं खानापूरला चार दिवस गेलीस. विद्यानं टिकल्या स्वतः केल्या. दुधाळ, चिरा पडलेल्या, वेड्यावाकड्या. पण एकीत पण खड्डा न्हाय. तू आलीस, परत सुंदर टिकल्या, आणि परत खड्डा.

"मला संशय आला होता, काका," विद्या म्हणाली, "पण मावशींना तोंडावर सांगायचं कसं? त्यांच्यासारखं नीटनेटकं काम डिपार्टमेंटमधे कुणाचं न्हवतं."

तिला सांगावं लागलं न्हाय. तुझी वही होती, कुठली टिकली कुठल्या दिवशी कुणी केली त्याची. एका दुपारी तू ती वही आणि ते कागद शेजारी शेजारी मांडून बसलीस. कुणाला न सांगता तुला उलगडलं. खल धुतल्यावर वाळू द्यायचा असतो. तू वाट बघायची न्हाईस. घरात धुतलेलं ताट पुसतात तसा पदरानं पुसायचीस. आणि त्या पदराला सकाळी तू हात पुसलेले असायचे, नायट्राईट तोललेले. शेडमधलं दिसत न्हाय एवढं मीठ, पण त्या यंत्राला मुंगीनं न्यावं एवढंच लागतं.

शालन, हे तू लपवलं असतंस तर कुणाला कळलं नसतं. दुसऱ्या दिवसापासनं खल नीट पुसला असतास, खड्डा गेला असता, बाटली खराब होती म्हणून सगळे विसरले असते. पण त्या पोरीच्या प्रकरणात खोट्या विहिरी तशाच राहिल्या असत्या, आणि तिची वहिनी अजून घागरी वाहत असती. तू बाईंच्या खोलीत गेलीस. विद्या तिथं होती. तू म्हणालीस, "हे विहिरीचं न्हाय बाई. माझ्या घरचं हाय." तुझी नोकरी अजून पक्की न्हवती. तुला मेमो मिळाला. आठ-दहा दिवस तू नोकरी राहते का जाते अशी होतीस, आणि घरी येऊन मला आमटी वाढत होतीस. मी त्या दिवसांत तुझ्याशी बोलत न्हवतो, आकडा ठोकून बसलो होतो.

बाईंना पुरावा पाहिजे होता. तू पदराचा कोपरा कातरलास, स्वच्छ पाण्यात भिजवलास, ते पाणी आटवून खाली जे राहिलं त्याची टिकली केलीस. आणि डब्यातली चिमूटभर घरनं कागदात बांधून नेलीस, तिची दुसरी टिकली केलीस. त्या साडीचा कोपरा मला आठवतो. तू तिथं दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावलं होतंस. मी विचारलं तर म्हणालीस, उंदरानं कुरतडला. मी दोन दिवस घरात उंदीर शोधला.

विद्याचं एक प्रकरण गेलं, सहा महिने वाढले. वर्षभराच्या सगळ्या टिकल्या तू परत करून दिल्यास, सुट्टीच्या दिवशी जाऊन, खल पुसायला पदराऐवजी ही उकळलेली फडकी घेऊन. तू मला सांगायचीस, जादा काम आहे. मी म्हणायचो, जा, तिथंच राहा.

मी विद्याला विचारलं, "मग मला का सांगितलं न्हाय तिनं?"

ती म्हणाली, मी पण विचारलं होतं मावशींना. त्या म्हणाल्या, "त्यांना सांगितलं तर ते लाल बंद करतील. लाल सोडून त्यांच्याकडं दुसरं काय हाय?"

हे ऐकून मी उठून परसात गेलो. विद्याला वाटलं, मी रडायला गेलो. रडायला न्हाय, मला तुझ्याशी भांडायचं होतं आणि ते तिच्यासमोर करता येत न्हवतं.

तुला मी एवढा भला वाटलो व्हय गं? तुझ्यासाठी लाल बंद करणारा? मी बंद केला नसता, शालन. मी तुला पहिल्यांदा दोन दिवस बोललो असतो. पदरानं खल पुसायची अक्कल कुणी शिकवली म्हणून विचारलं असतं. मग तराजू शेडच्या मागच्या भिंतीपलीकडं नेला असता, तुझ्या अंगावर घालायला जुना सदरा दिला असता, नायट्राईट मी तोललं असतं आणि तू लांब उभी राहून मला आकडा सांगितला असतास. एवढं साधं होतं. दोघांनी बसून एक संध्याकाळ लागली असती. आणि लड्या पिळायला तू समोर राहिली असतीस.

पण खरं सांगू? हे मी आज म्हणतोय. तवा मला कुणी सांगितलं असतं की तुझ्या शेडमुळं तिचं काम नासलं, तर काय केलं असतं ते मला पण माहीत न्हाय. कदाचित तूच बरोबर असशील. रागानं बंद केला असता आणि जन्मभर तुझ्यावर त्याचा उपकार ठेवला असता. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखून होतीस. हे भांडण असंच राहणार आता, अर्धं. मी रोज एक बाजू मांडतो, दुसरी बाजू पण मलाच मांडावी लागते. दमतो.

तू मला वाचवायला स्वतःवर लाज ओढून घेतलीस. मला घाण समजणारी बायको म्हणून माझ्या घरात नांदलीस, माझा लाल चार वर्षं आणखी चालावा म्हणून. आणि तो लाल तरी कसला? तुझ्या तराजूशिवाय तो विटेसारखाच येत होता. तुला दिसत असणार. रोज दिसत असणार. तरी पाण्याला दोष देऊ दिलास मला.

जाताना विद्या एक तपकिरी पाकीट ठेवून गेली. म्हणाली, काका, हे मी जपून ठेवलं होतं, आता तुमच्याकडं असू द्या. ते मी नऊ दिवस तुझ्या फोटोमागं ठेवलं. उघडायचं धाडस न्हवतं, असं न्हाय. थकवा होता. माणूस गेल्यावर एवढं काय काय उचलायला लागतं, त्यात आणखी एक.

आज सकाळी काढलं. आत दोन कागद. दोन रेघा. प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात, तपासलेल्या वस्तूचं नाव लिहायची जागा असते, तिथं तुझं अक्षर. एकावर लिहिलंय, पदर. दुसऱ्यावर तू नायट्राईट लिहायला पाहिजे होतंस, तुला ते नाव येत होतं. तू लिहिलंस, घर.

मी कागद परत पाकिटात घातले आणि नळावर गेलो. साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. तीनदा. तुझ्या नऊ फडक्यांतलं एक घेतलं आणि त्यानं पुसले. मग ते दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले, ऊन पलीकडनं येत होतं. डोळ्याला पाणी होतं म्हणून आधी नीट दिसेना. मग दिसलं. खड्ड्यावर खड्डा बरोबर बसला होता.

कागद ठेवले. फडकं ओलं झालं होतं. अंगणातल्या दोरीकडं गेलो, आणि तिथनं परत फिरलो. गुडघे धरत माळ्यावर चढलो आणि तुझ्या दोरीवर वाळत घालून आलो.